टारगेट शूटिंगसाठी स्वस्त आणि भरवशाचं .२२ पिस्तूल कोणतं घ्यावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की दापोलीजवळ राहता, सुट्टीच्या दिवशी टारगेटवर नेम धरायचा नाद लागलाय, खेळाच्या कारणासाठी परवाना व्हायच्या बेतात आहे आणि खिशाला परवडेल, दगा देणार नाही असं .२२ (म्हणजे साधारण ०.२२ इंची गोळीचं) पिस्तूल हवंय. शेवटी एक ओळ जोडली आहे की विक्रेता म्हणतो, ‘इंपोर्टेड घ्या, आयुष्यभर बघायला नको.’ त्या एका ओळीसाठी मी लिहायला बसलोय. नाहीतर कंपन्यांची नावं सांगणारे इथे पैशाला पासरी आहेत.

‘बघायला नको’ असं पिस्तूल कोकणात मिळत नाही. पुण्यात मिळत असेल. आपल्याकडे जून ते सप्टेंबर विळ्याला गंज चढतो, कपाटातल्या चपलेवर बुरा येतो, आणि समुद्र जवळ असेल तर खारी हवा बाराही महिने. पिस्तूल कुठल्या देशातून आलंय याचं तिला काय!

आधी नावं सांगून मोकळा होतो. अमेरिकेत हाच प्रश्न विचारलात तर रुगर मार्क मालिका, ब्राउनिंग बकमार्क आणि स्मिथ अँड वेसन व्हिक्टरी ही तीन नावं ऐकू येतील, आणि तिन्ही खरंच चांगली. रुगरचं मूळ मॉडेल १९४९ चं. त्यात नळी आणि मागचा भाग एकमेकांना पक्के, आत फक्त बोल्ट, म्हणजे काडतूस मागून दाबून धरणारा तुकडा, मागेपुढे होतो. दोन्ही साइट (नेम धरायच्या खुणा) त्या न हलणाऱ्या भागावर बसवलेल्या असल्यामुळे नेम टिकतो. आधीची मार्क पिस्तुलं साफ करायला उघडली की परत जोडताना घाम फुटायचा. २०१६ च्या मार्क फोरमध्ये एका बटणावर उघडतं. पण आपल्या सर्वसामान्य परवानाधारकाला बाहेरून पिस्तूल मागवता येत नाही. ती सवलत नामवंत ठरलेल्या नेमबाजांना. म्हणून इथे जे फिरतं ते जुनं, या हातातून त्या हातात गेलेलं, आणि तिकडच्या किमतीच्या कितीतरी पटीनं महाग. थोडक्यात, तुम्ही पिस्तूल निवडणार नाही, जे समोर येईल त्यातलं बरं-वाईट पारखणार. ईशापूरच्या रायफल फॅक्टरीचं ‘निडर’ हे .२२ रिव्हॉल्व्हर कोणी सुचवेल. अडीचशे ग्रॅमच्या आसपास वजन, आखूड नळी. ते जवळ बाळगायला आहे, २५ मीटरवरच्या कागदाला नाही.

आता आमचे भावोजी.

भावोजींनी असंच एक इंपोर्टेड घेतलं. कंपनी सांगत नाही, कारण कंपनीचा यात काही दोष नाही. देखणं होतं, निळसर झाक, अक्रोडाच्या लाकडाची मूठ. विक्रेत्यानं तेच वाक्य ऐकवलं होतं, आयुष्यभर बघायला नको. माझं त्या मानानं गरीब, वडिलांच्या एका स्नेह्याकडून रीतसर परवान्यावर चढवून घेतलेलं जुनं लोखंड. मूठ मी स्वतः फणसाच्या लाकडाची करून बसवली आहे. भावोजी तिला ‘पाटाचा तुकडा’ म्हणतात.

जानेवारीत आम्ही दोघं आंबा घाट चढून कोल्हापूरला रेंजवर गेलो. कोल्हापूर म्हणजे नेमबाजांचं गाव. राही सरनोबतनं २०१८ च्या एशियाडमध्ये २५ मीटर पिस्तूलचं सोनं आणलं ते याच .२२ वर, आणि तेजस्विनी सावंत २०१० मध्ये जगज्जेती झाली ती .२२ रायफलवर. सकाळी थंडी चांगली होती. भावोजींनी मफलर काढला, मॅगझिन (पिस्तुलाच्या मुठीत बसणारी गोळ्यांची पेटी) भरलं, ऐटीत उभे राहिले आणि ट्रिगर ओढला. टक्. गोळी उडाली नाही. रेंजवरचे सर ओरडले, ‘तसंच धरून ठेवा, नळी समोर!’ अर्धा मिनिट थांबून काडतूस बाहेर काढलं. पुढचं उडालं, त्यापुढचं नाही. मग सलग दोन टक्.

‘गोळ्या ओल्या आहेत,’ भावोजी म्हणाले. ‘तुमच्या कोकणात सगळंच ओलं.’ (स्वतः खेडचे. पण ठाण्यात फ्लॅट घेतल्यापासून कोकण ‘तुमचं’ झालंय.)

सर शहाणे. त्यांनी न उडालेली काडतुसं टेबलावर ओळीनं ठेवली आणि मला बुडं बघायला सांगितली. रिमफायरमध्ये (.२२ ची काडतुसं याच जातीची) पेट घेणारा मसाला बुडाच्या कडेच्या वळीत भरलेला असतो आणि पिन त्या कडेवरच आपटते, हे तुम्हाला ठाऊक असेलच. कडेवर खोल, चौकोनी खळगा पडलेला असेल आणि तरी गोळी उडाली नसेल, तर दोष काडतुसाचा. वळीत त्या जागी मसाला कमी बसलेला असतो. तेच काडतूस थोडं फिरवून पुन्हा भरलं की बहुतेकदा उडतं. पण खूण उथळ असेल तर दोष पिस्तुलाचा, पिन जोरात येतच नाहीये. भावोजींच्या काडतुसांवर नखानं ओरखडल्यासारखी खूण होती. सरांनी तीच काडतुसं माझ्या पाटाच्या तुकड्यात भरली आणि स्वतः मारली. सगळी उडाली. ओली गोळी माणूस बघून उडते की काय?

सरांनी स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, काढली आणि पिनच्या वाटेत दातकोरणं घातलं. टोकाला पांढरट-करडा लगदा लागून आला, थिजलेल्या तुपासारखा. मी वास घेतला. खोबरेल.

हो, खोबरेल तेल. पावसाळ्याआधी गंज लागू नये म्हणून भावोजींनी पिस्तुलाला घरचं, घाण्यावरचं खोबरेल चोपडलं होतं. बाहेरून, आतून, पिनच्या भोकातसुद्धा. ‘शुद्ध आहे,’ ते म्हणाले. शुद्ध होतंच. शुद्ध खोबरेल चोवीस अंशांच्या आसपास थिजतं. कोकणातल्या मे महिन्यात ते पाण्यासारखं वाहून पिनच्या वाटेत जाऊन बसलं, तिथे बारुदाच्या काजळीत कालवलं गेलं, आणि घाटावरच्या जानेवारीत आवळलं.

खरी गंमत दुपारी. ऊन वर आलं, टेबलावरचं पिस्तूल तापलं आणि धडाधड चालायला लागलं. भावोजींचा चेहरा असा फुलला की विचारू नका. ‘बघ! गोळ्या वाळल्या!’ मी म्हटलं, भावोजी, तेल वितळलं. तर म्हणाले, ‘तो लगदा गोळीच्या मेणाचा आहे.’ आता .२२ च्या शिशाच्या गोळीवर मेणाचा हात असतो हे खरं, म्हणून ऐकणाऱ्याला पटतंही. पण ते मेण चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं तिथे, आणि नळीत जातं. पिनच्या मागे जाऊन बसायला त्याला पाय फुटायला हवेत. आणि मेणाला खोबऱ्याचा वास कुठून आला? हा वाद घरात अजून मिटलेला नाही. गणपतीत आरती संपली की पुन्हा निघतो, ताई उठून आत जाते.

तर तुमच्यासाठी यातून निघतं ते हे. जुनं पिस्तूल बघायला जाल तेव्हा कंपनीच्या नावाआधी रिकामी काडतुसं मागा. विक्रेत्याला म्हणावं रेंजवर या, आणि बंद खोक्यातली पन्नास मारून दाखवा. प्रत्येक बुडावरची खूण बघा, सगळ्या सारख्या आणि खोल हव्यात. मॅगझिनचे ओठ वाकलेले आहेत का ते बोट फिरवून बघा. .२२ मध्ये अडकाअडकीचं मूळ पुष्कळदा तिथेच असतं, आणि जुन्या मॉडेलचं दुसरं मॅगझिन मिळणं म्हणजे हापूस ऑक्टोबरात मागण्यातला प्रकार. म्हणून दोन मॅगझिनं असलेलं, जरा ओरखडे पडलेलं पिस्तूल हे एका मॅगझिनच्या चकचकीत पिस्तुलापेक्षा केव्हाही चांगलं. रिकाम्या चेंबरवर ट्रिगर ओढून बघू नका, बऱ्याच रिमफायरमध्ये पिन चेंबरच्या कडेवर आपटून कडा ठेचते. उलट कोणीतरी तसं आधी करून ठेवलंय का हे मात्र चेंबरच्या तोंडाशी बॅटरी मारून बघा. ठेचलेली कड दिसली तर उठून चालू लागा. स्लाइड जस्ताच्या मिश्रधातूची असेल तर मी घेणार नाही, लोखंडच बरं. ट्रिगर साधारण एक किलोच्या दाबाला, खरखर न करता एकदम सुटणारा हवा. स्पर्धेच्या २५ मीटर पिस्तूलचा किमान नियमही तेवढाच, १००० ग्रॅम.

गोळ्या स्टँडर्ड वेलॉसिटीच्या घ्या. आवाजाच्या वेगाच्या खाली राहतात, कागदावर एका जागी पडतात. काही स्वस्त सेमी-ऑटो, म्हणजे पुढची गोळी आपोआप भरणाऱ्या, पिस्तुलांची स्लाइड मात्र त्यांच्यावर नीट मागे येत नाही, त्यांना जास्त वेगाची हाय वेलॉसिटीच लागते. तेही मारूनच कळतं, विचारून नाही.

आणि आता जे आधी सांगायला हवं होतं ते. तुम्ही .२२ घेऊच नका. निदान पहिलं वर्ष तरी नको. ४.५ मिमी बोअरचं (नळीच्या भोकाचं), छऱ्याची ऊर्जा २० ज्यूलच्या आत असलेलं एअर पिस्तूल परवान्याशिवाय मिळतं. .२२ च्या परवान्यावर गोळ्यांची मर्यादा लिहिलेली असते आणि हौशी माणूस एका दुपारी पन्नासचं खोकं संपवतो. छरे मात्र डबाभर आणा. दहा मीटर तुमच्या खळ्यात नक्की निघतील. लाकडी खोक्यात जुन्या कपड्यांचे बोळे ठासा, मागे जाड पत्रा लावा, पुढे कागद. चपट्या तोंडाचे छरे घ्या, भोक स्वच्छ पडतं. स्पर्धेच्या कागदावर दहा गुणांचा मधला ठिपका साडेअकरा मिलिमीटरचा असतो. तो लागायला लागला की मग .२२ चं बोलू. मनू भाकरची पॅरिसमधली दोन्ही पदकं एअर पिस्तूलचीच आहेत, तेव्हा हे काही पोरांचं खेळणं नाही. स्पर्धेचं एअर पिस्तूल लाखाच्या घरात जातं, पण साधं स्प्रिंगचं काही हजारांत येतं आणि हात बसवायला पुरतं.

.२२ वाडीत मारायचा विचार असेल तर तो इथेच सोडा. ती गोळी किलोमीटरभराच्या पुढे जाऊ शकते, जांभ्याच्या गडग्यावरून उडते, खाडीच्या पाण्यावरूनही घसरून पलीकडे जाते. परवाना म्हणजे बागेत बार काढायची मुभा नव्हे. रेंजवरच मारायची, आणि ती वाटेवर नसेल तर येण्या-जाण्याचा खर्च पिस्तुलाच्या किमतीत आधीच धरा. परवान्यावर क्षेत्र ‘महाराष्ट्र’ लिहून घ्या, नाहीतर जिल्ह्याची हद्द ओलांडताना पंचाईत. शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर सर्वसामान्य माणसाला दोनच बंदुका-पिस्तुलं ठेवता येतात. घरात शेतीसंरक्षणाची ठासणीची बंदूक तुमच्या नावावर असेल तर तीही त्यात मोजली जाते. आणि नाही, वानरांसाठी .२२ चा उपयोग नाही. वन्यजीव कायदा १९७२ पासून आहे.

देखभालीचं एवढंच. चामड्याच्या म्यानात पिस्तूल ठेवू नका, चामडं ओल धरतं आणि त्याच आकाराचा गंज लोखंडावर उमटतो. झाकण घट्ट बसणारा डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या, आणि पुड्या मधूनमधून तव्यावर शेकून घ्यायच्या. निवडणूक लागली आणि पोलीस ठाण्यात जमा करायला सांगितलं की तेलाच्या फडक्यात गुंडाळून द्या. रेंजवरून आल्यावर जेवणाचा डबा उघडायच्या आधी हात साबणानं धुवा, बोटांना शिसं लागलेलं असतं. तेल शिलाई मशीनचं किंवा बंदुकीचं, पातळ, बाहेरून फडक्यानं पुसण्यापुरतं. पिनच्या वाटेत जवळजवळ कोरडंच.

खोबरेल तेल पोह्यांवर, डोक्याला, निरांजनात, कुठेही घाला. पिस्तुलात नको. पटत नसेल तर वाटीत चमचाभर घेऊन फ्रिजमध्ये ठेवा आणि तासाभरानं त्यात दातकोरणं उभं करून पाहा. आमच्या भावोजींनी हे अजून केलेलं नाही, आणि त्यांच्याकडे फ्रिज दोन दारांचा आहे.