दक्षिणाभिमुख घर आणि मागच्या अंगणातला ब्लू गम

प्रश्न : माझी मुलगी आणि जावई सिडनीच्या वारूंगा या उपनगरात १९२०च्या दशकातले विटांचे स्वतंत्र घर विकत घेण्याच्या विचारात आहेत. घरामागे सिडनी ब्लू गम जातीचा प्रचंड वृक्ष असून एका भिंतीला तडा गेला आहे. झाड तोडून टाका म्हटले, तर त्यासाठी नगरपरिषदेची परवानगी लागते, असे उत्तर मिळते. शिवाय घराचे तोंड दक्षिणेला आहे, हे आम्हा उभयतांना रुचलेले नाही. आपला सल्ला काय?
— एक वाचक, सातारा

उत्तर : परवानगीच्या अटीचे आपल्याला नवल वाटले असेल, परंतु १९७५च्या कायद्यानुसार महाराष्ट्रातील शहरांतही स्वतःच्या अंगणातले झाड वृक्ष प्राधिकरणाला विचारल्याविना तोडता येत नाही. वारूंग्याचा बराचसा भाग कु-रिंग-गाय नगरपरिषदेच्या हद्दीत येतो. तेथील डोंगरकण्यांवर एकेकाळी ब्लू गमचे उंच अरण्य होते. १८९० मध्ये रेल्वे आली, पाठोपाठ वस्ती वाढली आणि त्या अरण्याचे विखुरलेले तुकडेच उरले. म्हणूनच आज त्याची गणना अतिसंकटग्रस्त वनांत होते. (हा वृक्ष आपल्या निलगिरीच्या कुळातलाच, पण निलगिरी पर्वतावर लावली गेली ती जात वेगळी.)

तड्याचा विचार मात्र झाड आणि जमीन यांचा एकत्र करावा लागतो. हे अरण्य ज्या शेल खडकाच्या चिकणमातीवर वाढले, ती माती पावसात फुगते आणि अवर्षणात आकसते. त्यातच मोठ्या वृक्षाची मुळे पाणी ओढून घेत असल्याने आकसणे अधिक वाढते, आणि उथळ पायाच्या जुन्या घराच्या भिंतींना तडे जाण्याचे ते एक नेहमीचे कारण आहे. असे असले तरी झाड एकाएकी तोडणे अंगलट येऊ शकते, कारण झाड गेल्यावर तीच माती पुन्हा पाणी धरून फुगते आणि खचलेला भाग आता वर उचलला जाऊ लागतो. तेव्हा सौदा पक्का होण्यापूर्वी बांधकाम अभियंता आणि वृक्षतज्ज्ञ या दोघांनाही घर दाखवावे. हे वृक्ष वारा नसतानाही मोठी फांदी टाकतात, त्यामुळे छपरावर आलेल्या फांद्यांविषयी वृक्षतज्ज्ञाला आवर्जून विचारावे. त्या काळच्या घरांची लाकडी जमीन बहुधा विटांच्या बुटक्या खांबांवर पेललेली असते; तिच्याखाली वाळवी आहे का, याचा अहवाल घेण्यात काटकसर नको. विक्रीच्या करारासोबत नियोजन प्रमाणपत्र जोडलेले असते, त्यात ती जमीन वणव्याच्या धोक्याच्या क्षेत्रात मोडते की काय, हे पाहावे. पन्हाळी पानांनी भरणार, हे गृहीतच धरावे.

राहिला दिशेचा प्रश्न. सिडनी दक्षिण गोलार्धात असल्याने तेथे माध्यान्हीचा सूर्य उत्तरेकडे असतो, आणि हिवाळ्यातले ऊन हवे असेल तर राहत्या खोल्या उत्तरेला असाव्या लागतात. दक्षिणेला दार म्हणजे मागचे अंगण उत्तरेला, आणि तेथील घरांच्या जाहिरातींत नेमकी हीच गोष्ट ठळक छापतात. जावईबापूंनी हे घर पसंत करताना मागची बाजूच आधी पाहिली असावी. आता त्या उन्हाच्या वाटेत तो ब्लू गम किती येतो, एवढे त्यांना जून महिन्यात, म्हणजे तेथील हिवाळ्यात, दुपारी जाऊन पाहायला सांगा.