साथीत वाचलेलं कालव लगेच पैदाशीला घेऊ नका

साथीत जी कालवं जगली त्यांचंच बीज का धरू नये, असं तुम्ही विचारलंत. सुरुवातीला मलाही तेच सोपं वाटलं होतं.

जानेवारी २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावरच्या पॅसिफिक कालवांत त्यांना मारणारा हर्पिसचा विषाणू शिरला. फ्रान्समध्ये त्याचा हा घातक प्रकार २००८ मध्येच दिसला होता. पाणी तापलं की थोड्याच दिवसांत बास्केटमधली कालवं आ वासतात. बोट लावलं तरी शिंपला मिटत नाही, आणि मग तो कुजका वास. सर्वांत जास्त मरतं कोवळं बीज, म्हणजे कालवांची लहान पिल्लं.

वाचलेल्या कालवाच्या अंगात विषाणू दडून राहू शकतो. ते हॅचरीत, म्हणजे बीज तयार करायच्या केंद्रात, आणणं म्हणजे रोगाला घरात घेणं. शिवाय ते नुसतं वयानं मोठं होतं म्हणूनही वाचलं असेल.

म्हणून कुटुंबं तयार करा: एक नर, एक मादी, त्यांची पिल्लं वेगळ्या टाकीत. त्यातली काही बाधित खाडीत ठेवा, सख्खी भावंडं स्वच्छ पाण्यात राखा. खाडीत ज्या कुटुंबाची जास्त जगतील, त्याची स्वच्छ पाण्यातली भावंडं पुढच्या पिढीला घ्या. लेबलं आणि नोंदवही जिवापाड जपा. लेबल निसटलं की ते कुटुंब हातचं गेलं.

एक मादी लाखो अंडी देते, त्यामुळे एकाच चांगल्या कुटुंबावर विसंबायचा मोह होतो. तो टाळाच, नाहीतर जवळच्या नात्यातल्या संकरानं वाढ खुंटते. आणि प्रतिकारक बीजसुद्धा सगळंच्या सगळं वाचत नाही, तेव्हा ऐन उन्हाळ्यात त्याची चाळणी (आकारानुसार निवड) आणि हलवाहलव करू नका.