१ योहान ५:७, काकांचं २:२७ आणि स्कॉलर लोकांचं किती ऐकायचं

जय ख्रिस्त रे. तुझा प्रश्न मला समजला तो असा, की तुमच्या सोलापूरच्या विजापूर रोडच्या कॉटेज मीटिंगमधे (घरगुती प्रार्थनासभेत) एका भावाने मोबाईलवर किंग जेम्स हे जुनं इंग्रजी बायबल उघडून १ योहान, म्हणजे नव्या करारातलं योहानाचं पहिलं पत्र, त्यातलं ५:७ दाखवलं, त्यात पिता, शब्द आणि पवित्र आत्मा हे तिघे एक आहेत असं सरळ लिहिलंय आणि तुमच्या हातातल्या मराठी बायबलात ते वाक्यच नाही, म्हणजे विद्वानांनी त्रैक्य (तिघांत एक देव ही शिकवण) कापून टाकलं. मग सेमिनरीत (पाळकांच्या कॉलेजात) शिकणारा तुझा चुलतभाऊ म्हणाला की ते वाक्य मुळात नव्हतंच, स्कॉलर असं म्हणतात. त्यावर काकांनी १ योहान २:२७ काढलं, तुम्हाला कोणी शिकवायची गरज नाही, आणि पोराला गप्प केलं. आता स्कॉलरवर विश्वास ठेवायचा का, आणि ठेवायचा तर किती.

माझं मत आधीच सांगते, नंतर शिव्या द्यायला मोकळे व्हा. विश्वास माणसाच्या डिग्रीवर ठेवायचाच नाही, त्याने पुरावा समोर मांडलाय का आणि कुठे खात्री नाही ते स्वतःहून सांगतोय का एवढंच बघायचं. ही कसोटी स्कॉलरला लावायची तशीच पाळकसाहेबांना, काकांना आणि यूट्यूबवाल्या ब्रदरला पण लावायची. कुणालाच सूट नाही.

आता ५:७ चं बघू, कारण ह्यात पुरावा इतका उघड आहे की वादाला फार जागाच नाही. सिनाय, व्हॅटिकन, अलेक्झांड्रिया अशा नावांनी ओळखली जाणारी चौथ्या-पाचव्या शतकातली जी मोठी ग्रीक हस्तलिखितं आहेत त्यात हे वाक्य नाही. चौदाव्या शतकाआधीच्या एकाही ग्रीक हस्तलिखिताच्या मूळ मजकुरात नाही, काहींच्या समासात नंतर कोणीतरी लिहिलेलं सापडतं तेवढंच. ते वाढत गेलं लॅटिनमधे. इरास्मस ह्या डच विद्वानाने १५१६ ला ग्रीक नवा करार छापला तेव्हा त्याने ते घेतलं नाही, १५१९ च्या दुसऱ्या आवृत्तीत पण नाही, त्यावर भरपूर बोंबाबोंब झाली, मग हे वाक्य असलेलं एक ग्रीक हस्तलिखित पुढे आलं, ते त्याच काळातलं, आज डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात आहे, आणि १५२२ च्या तिसऱ्या आवृत्तीत इरास्मसने ते वाक्य घातलं. तिथून ते पुढच्या छापील ग्रीक आवृत्त्यांत आणि १६११ च्या किंग जेम्समधे गेलं. म्हणजे कापायचा प्रश्नच नाही, आधी घातलं गेलं आणि मग काढलं गेलं.

आणि त्रैक्याचं म्हणाल तर ३२५ ला निकियाची परिषद भरली, त्या शतकात एरियसवाल्यांशी (पुत्र पित्याच्या बरोबरीचा देव नाही म्हणणाऱ्यांशी) एवढे वाद झाले, आणि ग्रीकमधे लिहिणाऱ्या एकाही धर्मपित्याने (सुरवातीच्या मंडळीतल्या मोठ्या शिक्षकाने) त्या वादात हे वाक्य पुढे केलं नाही. असतं तर सोडलं असतं का? पहिलं हेच काढून तोंडावर मारलं असतं. त्यांनी त्रैक्य मांडलं ते दुसऱ्या शास्त्रभागांवरून. तेव्हा हे वाक्य गेल्याने तुमच्या मीटिंगमधे कुणाचा विश्वास बुडत नाही, त्या भावाला एवढं सांगा आधी, तो घाबरलाय म्हणून चिडलाय असं मला वाटतं.

इथे अधिकाराची पण एक गंमत आहे. १८९७ मधे रोमच्या होली ऑफिसने, म्हणजे कॅथलिक चर्चच्या शिकवणीवर लक्ष ठेवणाऱ्या कचेरीने, सांगितलं होतं की ह्या वाक्याच्या अस्सलपणावर सुरक्षितपणे शंका घेता येणार नाही. तीस वर्षांनी, १९२७ ला, त्यांनीच खुलासा केला की अभ्यासकांनी शोध घ्यायला हरकत नाही. एवढी मोठी संस्था, पण हस्तलिखितात जे नाही ते हुकुमाने येत नाही. आपल्या प्रोटेस्टंट लोकांनी ह्यावर हसायचं काम नाही, आपल्याकडे फक्त हुकूम लिहून काढत नाहीत एवढाच फरक.

आपल्या मातीतलं उदाहरण हवं असेल तर एकनाथांनी ज्ञानेश्वरीचं काय केलं ते बघा. शके १५०६, म्हणजे १५८४ ला, प्रती नकलून नकलून पाठात अशुद्ध शिरलेलं, ते त्यांनी पैठणला बसून शुद्ध केलं, आणि वर बजावून ठेवलं की ह्यात जो आपली ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी (नारळाची करवंटी) ठेवली असं समजा. त्यांना कोणी म्हणलं नाही की तुम्ही ज्ञानेश्वर माऊलींवर अविश्वास दाखवता. ग्रंथावर जीव होता म्हणून तर शुद्ध करायला बसले. पंढरपूर आपल्यापासून हाकेच्या अंतरावर, ही गोष्ट आपल्या शेजारच्या घरातली आहे, पण आपण ख्रिस्ती लोक विसरतो.

आता काकांचं वचन. २:२७ मधे खरंच तसं लिहिलंय, काका काही मनचं बोलले नाहीत. पण त्यांना म्हण की फक्त एक ओळ वर जा. २:२६ मधे योहान सांगतो की तुम्हाला फसवू पाहणाऱ्यांबद्दल मी हे लिहिलंय. आणि २:१९ मधे ते कोण तेही आहे, आपल्यातूनच निघून गेलेले. म्हणजे त्या मंडळीत फूट पडलेली, निघून गेलेले लोक येऊन सांगतायत की तुम्हाला अजून खरं ज्ञान मिळालेलंच नाही, आम्ही देतो, आणि म्हातारा योहान म्हणतो, त्यांची गरज नाही तुम्हाला. बरं हे सांगतोय कोण? शिकवणाराच, आणि तेही पाच अध्यायांचं पत्र लिहून! शिकवणारा कधीच नको असा अर्थ असता तर पहिलं ते पत्रच रद्द होतं की. शिवाय इफिस ४:११ मधे शिक्षक हे ख्रिस्ताचं दान आहे, प्रेषितांची कृत्ये ८ मधला कूशी षंढ रथात यशया वाचत बसलाय आणि फिलिप्पाला म्हणतो कोणी समजावल्याशिवाय मला कसं कळेल, आणि २ पेत्र ३:१६ मधे तर सरळ कबुली आहे की पौलाच्या पत्रांत काही गोष्टी समजायला अवघड आहेत. पेत्राला अवघड वाटल्या, आणि आपल्याला चहा-बिस्किटावर कळतात.

पण चुलतभावाला पण दोन शब्द ऐकव. "स्कॉलर म्हणतात" हे उत्तर नाही. कोण म्हणतं, कशावरून म्हणतं, आणि ज्यांना पटत नाही ते काय म्हणतात हे सांगता येत नसेल तर त्याच्यात आणि काकांच्यात फरक काय, दोघंही मोठ्या माणसाचं नाव सांगून समोरच्याला गप्प करतायत. स्कॉलर चुकतात, आणि दोन्ही बाजूचे चुकतात. २०१२ ला हार्वर्डच्या एका प्राध्यापिकेने पपायरसचा (प्राचीन कागदाचा) तुकडा जाहीर केला, त्यात येशू "माझी बायको" म्हणतो असं होतं, जगभर बातम्या झाल्या. २०१६ ला एका पत्रकाराने तो तुकडा कुठून आला ते खणून काढलं आणि बाईंनीच मान्य केलं की बनावट दिसतंय. त्याच २०१२ ला एका विश्वासू इव्हॅन्जेलिकल (बायबल काटेकोर मानणाऱ्या प्रोटेस्टंट) अभ्यासकाने भर वादविवादात सांगितलं की मार्कच्या शुभवर्तमानाचा पहिल्या शतकातला तुकडा मिळालाय. आपल्या लोकांनी टाळ्या पिटल्या. २०१८ ला तो तुकडा रीतसर प्रसिद्ध झाला तेव्हा निघाला दुसऱ्या-तिसऱ्या शतकातला, आणि त्यांनी माफी मागितली. दोन्ही वेळेला घाई झाली, पण पुरावा उघड्यावर आला म्हणून चूक पण उघड झाली. आपल्याकडे स्टेजवरून सांगितलेल्या किती गोष्टी अशा तपासल्या जातात?

आणि "स्कॉलर सगळे नास्तिक" हे तर कृपा करून बंद करा. नव्या कराराच्या हस्तलिखितांतला गेल्या शतकातला सगळ्यात मोठा माणूस ब्रूस मेट्झगर, तो प्रेसबिटेरियन ह्या प्रोटेस्टंट पंथाचा पाळक होता. त्याचा विद्यार्थी बार्ट एरमन विश्वास सोडून गेला, पण २००५ ला दोघांनी मिळून त्याच विषयावरच्या पुस्तकाची नवी आवृत्ती काढली, कारण कुठल्या हस्तलिखितात काय आहे ह्यावर भांडण नव्हतंच. मेट्झगर ज्या कमिटीत होता तिने जो ग्रीक पाठ तयार केला त्यात वादाच्या जागी तळटीपेत ए, बी, सी, डी अशी ग्रेड असते, ए म्हणजे खात्री, डी म्हणजे फार शंका. मला तर हे फार आवडतं. स्वतःच्या निर्णयाला स्वतःच डी देणारा संदेश (प्रवचन) सोलापुरात मी तरी अजून ऐकलेला नाही.

जिथे पुराव्याचा अर्थ लावायचा प्रश्न येतो तिथे मात्र स्कॉलरचं मत जपून घ्या. १ करिंथ १४:३४-३५, स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावं. गॉर्डन फी, असेंब्लीज ऑफ गॉड ह्या पेंटेकॉस्टल चर्चचा दीक्षित सेवक, म्हणजे आपला पेंटेकॉस्टलच, म्हणतो की ही दोन वचनं पौलाची नाहीत, नंतर घुसली, कारण काही हस्तलिखितांत ती ४० व्या वचनानंतर येतात आणि ११:५ मधे त्याच पत्रात स्त्रिया प्रार्थना करतायत, संदेश देतायत. डी. ए. कार्सन हा दुसरा अभ्यासक म्हणतो नाही, ती पौलाचीच आहेत, सगळ्या हस्तलिखितांत कुठे ना कुठे आहेतच. दोघंही शास्त्र मानणारे, दोघांपुढे तेच पुरावे. इथे कुणीतरी एक नाव फेकून वाद मिटत नाही, बसून वाचावंच लागतं. (मी स्वतः बाई असून शिकवते तेव्हा मी कुणाकडे आहे ते सांगायला नको.)

आणि वाचणं म्हणजे काय ते सांगते. आमच्या रेल्वे लाईन्सच्या महिला मीटिंगमधे यिर्मया २९:११ चाललेलं. लग्नपत्रिकेत, कॅलेंडरवर, दहावीच्या निकालाच्या स्टेटसला सगळीकडे तेच, तुमच्याविषयी माझे संकल्प हिताचे. मी म्हणलं आज पहिल्या वचनापासून वाचू. मग कळलं हे पत्र आहे, बाबेलला धरून नेलेल्या लोकांना, घरं बांधा, बागा लावा, पोरांची लग्नं करा, सत्तर वर्षं लागणार. आणि आधीच्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा सांगून गेलाय की दोनच वर्षांत सगळं परत येणार. विडी वळणाऱ्या एक मावशी होत्या, वाचायला अडखळतात, त्या थांबून म्हणाल्या, "सत्तर वर्षं म्हणजे ऐकणारे निम्मे मेलेच की ओ! मग हिताचं कुणाच्या, नातवंडांच्या?" आणि जरा वेळाने, "अन हनन्याचं ऐकून ज्यांनी घरच बांधलं नाही त्यांचं काय झालं असंल?" सगळी मीटिंग तिथेच थांबली. मावशींना हे कुठल्या स्कॉलरने सांगितलं नव्हतं. पण ते पत्र कधीचं, कुणासोबत राजा यखन्या गेला, बाबेल कुठे, हे त्यांच्यापर्यंत पोचलं ते पिढ्यानपिढ्या कोणीतरी डोळे फोडून अभ्यास केला म्हणूनच. आपल्या हातातलं मराठी बायबल काही आकाशातून पडलं नाही, विल्यम कॅरी ह्या मिशनरीसोबत काम करणारे पंडित वैजनाथ, केडगावला म्हातारपणी हिब्रू-ग्रीक समोर घेऊन भाषांतर करणाऱ्या पंडिता रमाबाई, हे सगळे स्कॉलरच होते. "स्कॉलर नको" म्हणणाऱ्याने आधी हातातलं पुस्तक खाली ठेवावं.

तेव्हा असं कर. काकांना भर मीटिंगमधे पाडू नको, वयाचा माणूस, मग ते चुकलेलं कधीच मान्य करणार नाहीत. घरी जा, त्यांचंच बायबल, २:१८ पासून त्यांनाच मोठ्याने वाचायला लाव, तू काही बोलूच नको. चुलतभावाला पुढच्या वेळी "स्कॉलर म्हणतात" ऐवजी हस्तलिखिताचं नाव आणि शतक घेऊन यायला सांग. मोबाईलवाल्या भावाला १५१६, १५१९, १५२२ ची गोष्ट सांग, गोष्ट लोक ऐकतात.

आणि ईस्टरच्या आधी एक शनिवार मार्कच्या शुभवर्तमानाच्या १६ व्या अध्यायासाठी काढून ठेवा. सिनाय आणि व्हॅटिकन दोन्ही हस्तलिखितांत तो अध्याय आठव्या वचनाला संपतो, ९ ते २० नाहीच, आणि त्यात साप उचलण्याचं आणि विष पिण्याचं वचन आहे. ते वचन कोणीतरी पुढे करणारच, आणि तेव्हा मंडळी उपाशीपोटी बसलेली असेल.