किल्ली कोणाकडे राहणार?

प्रिय बाळा,
सलाम.

आपल्या चर्चचा हॉल मागणाऱ्या त्या संस्थेबद्दलचा तुझा परवाचा व्हॉइस मेसेज अकरा मिनिटांचा होता. अकरा मिनिटांत दहा कम्प्युटर झाले, एसी झाला, दारावरची पाटी झाली, तुझा पगारही सांगून झाला. हॉलची किल्ली कोणाकडे राहणार, एवढं मात्र आलं नाही. मी उलट फोन केला तर म्हणालास, "बाई, ती त्यांच्या को-ऑर्डिनेटरकडे राहील, दहा ते पाच. डिटेल आहे ते."

डिटेल नाही रे बाबा. सगळं तेच आहे.

तुझी पोरं येतात कधी, सांग बरं. 'जालना सोने का पालना' म्हणतात. ते सोनं बियाण्यात आहे आणि सळईत आहे, आणि सळईच्या कारखान्यातून सुटलेली पोरं संध्याकाळी साडेसातला तुझ्या पायरीवर येऊन बसतात. कोणी दुकानातून सुटून येतो, कोणी घरच्या दहा बाय दहाच्या खोलीत टीव्ही चालू झाला म्हणून येतो. पोलिस भरतीवाली तर पहाटे पाचला. दहा ते पाच तुझ्या त्या एसीत कबुतरं बसणार का?

भरतीवाल्यांवरून आठवलं. 1600 मीटर धावण्याला 20 गुण, 100 मीटरला 15, गोळाफेकीला 15, हे मला माझ्या भाच्यांच्या वाढदिवसांपेक्षा पक्कं पाठ झालं होतं. सव्वासात किलोचा तो गोळा पोरं रोज घरून कशी आणणार? म्हणून हॉलच्या कोपऱ्यात पोत्यावर ठेवायची. एकदा तो निसटला आणि शहाबादी फरशी तडकली. चर्चच्या कमिटीची बैठक त्या एका फरशीवर चाळीस मिनिटं चालली. मी घड्याळ लावून बसले होते. एक वडीलधारे म्हणाले, "देवाच्या घराच्या आवारात चेंडू काय, गोळे काय, हे शोभतं का?" मी म्हटलं, व्हॉलीबॉल जन्मलाच ख्रिस्ती तरुण संघाच्या, म्हणजे वायएमसीएच्या हॉलमध्ये, अमेरिकेत, 1895 साली, बास्केटबॉल त्याच्या चार वर्षं आधी, तोही त्यांच्याच प्रशिक्षण शाळेत, भिंतीला पीचच्या टोपल्या ठोकून. त्या टोपल्या ठोकताना भिंतीचा गिलावा पडला नसेल का? कोणी हसलं नाही. फरशी मी माझ्या पेन्शनमधून बदलली. ती अजून रंगानं वेगळी दिसते, पाहा तू.

आपल्या लोकांना वाटतं, चर्चच्या मंडळीनं तरुणांसाठी काही करायचं म्हणजे कार्यक्रम करायचा. शिबिर, बॅनर, पाहुणे, पोहे. मग वर्षभर हॉलला कुलूप. संडेस्कूलचंच घे. आज आपण तिथं गाणी आणि वचनं पाठ करून घेतो. पण 1780 च्या सुमारास इंग्लंडात ग्लॉस्टरला रॉबर्ट रेक्सनं ती चालवली ती कामावर जाणाऱ्या पोरांना वाचायला शिकवण्यासाठी. रविवार का? तर बाकीचे सहा दिवस पोरं कामावर. म्हणजे वेळ पोरांची बघितली, दार त्या वेळेला उघडलं. आपण वर्गाचं नाव ठेवलं आणि तेवढंच विसरलो.

आणि इतकं लांब कशाला जायचं? 1843 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड नारायण शेषाद्री आपल्या जालन्यात आले, तेव्हा त्यांनी गावकुसाबाहेरच्या माणसांसाठी नुसती प्रवचनं केली नाहीत. हैदराबाद सरकारकडून जमीन मिळवली आणि बेथेल नावाची वस्ती वसवली, तिथं शाळा काढली. ज्यांना गावात पाय ठेवायला जागा नव्हती, त्यांना जागा दिली. लोक त्यांच्या प्रवचनांचं कौतुक करतात, करोत बापडे. मला ती जमीन मोठी वाटते.

आता माझं सांगते. तुला वरवर माहीत आहे, पण खालचं माहीत नाही.

लोडशेडिंगची वर्षं होती ती. घराघरांत अंधार, हॉलला मात्र इन्व्हर्टर. मी हट्टानं घ्यायला लावला होता, कापणीच्या सणाला चर्चमध्ये अर्पण आलेल्या वस्तूंच्या लिलावातून. एक भोपळा पाचशे रुपयांना गेला त्या वर्षी. घेणाऱ्याला भोपळा आवडतही नव्हता. चाळीसेक पोरं यायची. किल्ली मी त्यांच्यातल्याच एकाला दिली होती. सतरा वर्षांचा, बारावीला एकदा नापास झालेला, पण वेळेचा इतका पक्का की शेजारचा पानवाला त्याच्या कुलूप उघडण्यावर घड्याळ लावायचा. सात महिने दार एक दिवस चुकलं नाही. मग एका सोमवारी अॅम्प्लिफायर गायब.

मी काय केलं? त्याला घरी बोलावून विचारलं असतं तर वेगळं. मी हॉलमध्ये, सगळ्यांसमोर, हात पुढे केला आणि म्हटलं, "किल्ली दे." चोर म्हटलं नाही. म्हणायची गरजच राहिली नव्हती. त्यानं खिशातून काढली, माझ्या हातावर ठेवली आणि सायकल घेऊन गेला. अॅम्प्लिफायर कोणी नेला ते मला आजही माहीत नाही. कदाचित त्यानंच नेला असेल. नेला असता तरी काय? चार-पाच हजारांची वस्तू होती. महिन्याभरात चाळीसची नऊ पोरं झाली, दोन महिन्यांत हॉलला कुलूप. आता तो ट्रक चालवतो. मोंढ्यात दिसला तर "सलाम, बाई" म्हणतो, पण थांबत नाही.

त्यानंतर मी ठरवलं ते ठरवलं. किल्ली पोरांकडेच. अंबाडीच्या भाजीवरून भांडतात तशी मी कमिटीशी भांडले. दोन किल्ल्या पोरांकडे, एक चर्चच्या पाळकसाहेबांकडे, माझ्याकडे एकही नाही. वही ठेवायची: कोणी उघडलं, किती वाजता, कोणी लावलं. वस्तू गेली तर वस्तूची चर्चा, किल्लीची नाही. 2013 च्या दुष्काळात याच पोरांनी टँकरची रांग लावली, आवारातली टाकी भरून घेतली, म्हाताऱ्यांच्या घरी हंडे पोचवले. मला कोणी विचारायलासुद्धा आलं नाही. इतकं बरं मला क्वचित वाटलं असेल.

तुला कोणीतरी सांगितलंच असेल की बाईंनी हॉलच्या भाड्याच्या पैशांत गोंधळ केला. ऐक मग. लग्नाला हॉल दिला की भाडं यायचं. ते मंडळीच्या सामान्य खात्यात भरायचं, हा नियम. मी त्यातून हॉलचं वीजबिल परस्पर भरायचे आणि उरलेलं खात्यात. पावती प्रत्येक बिलाची आहे, पत्र्याच्या डब्यात, सालवार. ऑडिटरनं आक्षेप घेतला तो बरोबर होता, मी ट्रेझरर असते तर मीही घेतला असता. पण बिल मंजूर व्हायला तीन बैठका लागायच्या आणि महावितरण बैठकीची वाट बघत नाही. पोरांनी अंधारात बसायचं का? मी चुकले ते कागदावर चुकले. राजीनामा मी रागानं दिला, ती मात्र खरी चूक. राहायला हवं होतं. जाऊ दे, हे तुझं पत्र आहे.

तू विचारलंस, बौद्ध आणि मुसलमान आया विचारतात, "आमच्या पोराला बाटवणार नाही ना?" त्यांना काय सांगू? शब्दांनी काही सांगू नकोस. त्यांच्या पोराच्या हातात किल्ली दे. ज्याच्या खिशात दाराची किल्ली आहे, त्याच्या आईला कोणी फसवतंय असं वाटत नाही. भिंतीवरचा क्रूस काढायचा नाही, लपवायचा नाही. आणि प्रार्थनेला बसला तरच खुर्ची, असंही करायचं नाही. आपल्याच काही लोकांना हे पचणार नाही. न पचो.

एक दिवस हॉलमध्ये दोन मावसभाऊ शेजारी बसून फॉर्म भरत होते. एकाच आजोबांची नातवंडं; एक घर बौद्ध झालं, दुसरं ख्रिस्ती. जातीच्या रकान्यापाशी एकाचं पेन चाललं, दुसऱ्याचं थांबलं. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. 1956 मध्ये शीख आत आले, 1990 मध्ये बौद्ध. आपण बाहेरच. थांबलेल्यानं माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं, मी चहा सांगितला. पण ट्यूबलाइट दोघांच्या डोक्यावर एकच होती. त्या नव्या संस्थेच्या यादीत फोटो आणि धर्म असे रकाने आहेत म्हणालास ना? बाहेर रकाने काय कमी आहेत, म्हणून हॉलमध्ये आणखी एक?

लहान मुलांबाबत मात्र तुझं ऐकणार नाही. अठराच्या आतलं कोणी हॉलमध्ये असेल तर एकटं मोठं माणूस तिथं नको. दोन हवेत, दार उघडं हवं, खिडकीचे पडदे काढलेले. तू असलास तरी. पाळकसाहेब असले तरी. लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा पोक्सो कायदा 2012 चा आहे, पण अक्कल त्याच्या आधीपासून हवी होती आपल्याला. मोठ्या पोरीला एक किल्ली दे. मुली तुझ्याकडे कमी येतात याचं कारण तू अभ्यासक्रमात शोधतोयस. दार कोण लावतं आणि रस्त्यावरचा दिवा चालू आहे का, ते आधी बघ.

आता तो करार. तू म्हणालास, निधी पहिल्या वर्षाचा, हॉल पाच वर्षांसाठी. स्वतःच्या तोंडानं म्हणालास आणि तुझ्या लक्षात आलं नाही! पैसा एक वर्षाचा आणि भिंती पाच वर्षांच्या? दुसऱ्या वर्षी ते गेले तर कुलूप त्यांचं, बिल आपलं. शिवाय हॉल ट्रस्टचा आहे. तीन वर्षांच्या वर इमारत भाडेपट्ट्यानं द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते; कागदावर भाडेपट्टा म्हटलंय की नुसता वापर, ते वकिलाकडून वाचून घे. पैसा कुठून येतोय तेही विचार. परदेशी देणगी असेल तर 2020 पासून एका संस्थेला ती दुसऱ्या संस्थेकडे पुढे सरकवता येत नाही. मग कम्प्युटर त्यांच्याच नावावर राहणार आणि जाताना तेच उचलून नेणार. हे वाईट लोक आहेत असं मी म्हणत नाही. त्यांना वर्षअखेरीला अहवाल द्यायचाय, आणि अहवालात कम्प्युटर दिसतो, किल्ली दिसत नाही.

पगाराचं. घ्यायचा असेल तर घे, लाज बाळगू नकोस. तुझ्या आईच्या गोळ्यांचा खर्च मला माहीत आहे. मी आयुष्यभर फुकट केलं आणि त्या फुकटपणाचा मला थोडा गर्वच होता, त्यानंच मी कमिटीत कोणाचं ऐकेनाशी झाले. फक्त पगार घेऊन किल्ली देऊ नकोस. त्यांना सांग: तुमचे कम्प्युटर आणा, दहा ते पाच तुम्ही चालवा, पण पाचनंतर आणि पहाटे दार पोरं उघडतील, आणि हे करारात लिहा. लिहायला तयार झाले तर उत्तम लोक. "बघू, नंतर ठरवू" म्हणाले तर तुला उत्तर मिळालं.

आणि कमिटीत एकटा जाऊ नकोस. दोन पोरं सोबत ने, त्यातला एक तरी आपल्या मंडळीबाहेरचा. त्यांना बोलू दे. तू बोललास की तू नेता दिसतोस, मग सगळे तुला सांभाळायला लागतात आणि पोरं राहून जातात. हे माझ्याच बाबतीत झालंय.

कराराच्या प्रत्येक पानाचा फोटो पाठव, नीट उजेडात काढलेला. मंगळवारी माझ्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, त्यामुळे सोमवारच्या आत पाठव. आणि रविवारी भक्तीनंतर सहीला बोलावलं तर म्हण, बाईंनी अजून वाचलं नाही.

तुझी,
बाई