हातपाय चालतात, पण आठवत नाही

प्रिय डॉक्टर,

'हातपाय चालतात, बोलणं साफ आहे, म्हणजे स्ट्रोक नसेल,' हे वॉर्डात तुला वारंवार ऐकू येईल. त्यावर विसंबू नकोस. मेंदूच्या मधोमध असलेल्या थॅलॅमसच्या पुढच्या भागात सेंटिमीटरभराचा इन्फार्क्टही (रक्त न पोचल्याने मेलेला भाग) नवी आठवण बसणं थांबवू शकतो, आणि एनआयएचएसएस (स्ट्रोकची तीव्रता मोजणारा स्कोअर) शून्य येऊ शकतो. त्यात महिना आणि वय विचारतात, आठवण कुठे तपासतात?

हिप्पोकॅम्पस म्हणजे मेंदूतला नव्या आठवणी बसवणारा भाग; त्यातून निघालेली वाट फॉर्निक्स, मॅमिलरी बॉडी आणि मॅमिलोथॅलॅमिक ट्रॅक्टमधून थॅलॅमसच्या अँटिरियर न्यूक्लियसला (पुढच्या केंद्राला) पोचते. हा ट्रॅक्ट तुटला की हिप्पोकॅम्पस धडधाकट असूनही उपयोग होत नाही. थॅलॅमसच्या आतल्या बाजूला रक्त पुरवणाऱ्या दोन्हीकडच्या पॅरामेडियन धमन्या एकाच खोडातून निघत असतील (पर्शेरॉनची धमनी), तर एक गुठळी दोन्ही थॅलॅमस गाठते. मग आधी गुंगी येते, डोळे वर-खाली फिरत नाहीत; गुंगी उतरल्यावर विस्मरण उघडं पडतं.

तपासताना आधी रुग्णाकडून आकडे सुलट आणि मग उलट क्रमाने म्हणवून घे. तेच जमत नसेल तर लक्षच लागत नाहीये, आठवणीची परीक्षा नंतर. जमलं, तर पाच शब्द दोनदा म्हणवून घे, पाच मिनिटं दुसऱ्या कामात गुंतव, मग तेच शब्द विचार. डाव्या बाजूच्या इजेत शब्द जास्त निसटतात, उजव्या बाजूच्या इजेत चेहरे आणि जागा. म्हणून खोलीत तीन वस्तू त्याच्यादेखत लपवूनही बघ. सकाळी काय खाल्लं ते तो ठामपणे सांगेल आणि ते साफ चूक असेल. त्याला खोटं बोलणं समजू नकोस, घरच्यांकडून पडताळ.

घरचे 'वयामुळे' म्हणतील. तू तारीख नको, वेळ विचार: शेवटचे ठीक कधी होते? गुठळी विरघळवायचे साडेचार तास तिथून मोजतात. शुगर लगेच बघ. दारू, उलट्या किंवा कुपोषण असेल तर थायमिन (जीवनसत्त्व बी१) द्यायला थांबू नकोस; त्याच्या कमतरतेनेही हेच सर्किट बिघडतं. सीटी नॉर्मल आला म्हणून सोडू नकोस, डिफ्यूजन एमआरआय (ताजा इन्फार्क्ट दाखवणारा) माग, आणि थॅलॅमसमधून पातळ कट घ्यायला रेडिओलॉजीला स्पष्ट सांग.

पुढे रुग्णाला काही शिकवताना 'आठवा बघू' म्हणू नकोस. चुकीचा अंदाजच डोक्यात बसतो. बरोबर उत्तर सरळ सांगून तेच त्याच्याकडून म्हणवून घे. डिस्चार्जच्या सूचना एकट्या रुग्णाला कधीच देऊ नकोस. तो मान डोलावेल, आणि घरी रक्त पातळ करणारी गोळी एक तर घेणार नाही, नाहीतर दोनदा घेईल. वारांचे कप्पे असलेला डबा आणि तो भरणारा घरातला एकच माणूस, दोन्ही ठरवूनच घरी पाठव.