‘नियमित’ म्हणजे रेग्युलर नव्हे

उद्यमबागेत वर्कशॉप चालवणाऱ्या, 46 वर्षांच्या एका बेळगावकर वाचकाचं पत्र आहे. दोन वर्षांपूर्वी त्यांनी गोव्यातून 1987 ची अमेरिकन स्की बोट पाच लाखांना आणली. वॉटर स्कीइंग करणाऱ्याला दोरीने ओढते ती ही बोट, इंजिन आत मधोमध बसवलेलं. बोट शेडमध्ये उभी आहे. इंजिन तापतं म्हणून नवीन घालायचं आहे, कोटेशन नऊ लाखांचं. विचारतात, ‘बँकेतल्या बावीस लाखांच्या एफडीतून नऊ मोडू, की एफडीवर साडेबारा टक्क्यांनी कर्ज काढू? एफडीला साडेदहा मिळतात, म्हणजे कर्ज दोनच टक्क्यांनी पडतं. पुढे हिडकल धरणावर पर्यटकांना फिरवून वर्षाला चार लाख सुटतील.’

सोबत पावत्यांचे फोटो पाठवलेत. फार बरं केलंत.

साडेदहा टक्के वाचूनच मी पावत्या मोठ्या करून पाहिल्या. तिन्ही पावत्या एकाच संस्थेच्या, नावाच्या शेवटी ‘सौहार्द सहकारी नियमित’. आख्ख्या पावतीवर ‘बँक’ हा शब्द कुठेही नाही. आपल्याकडे पतसंस्था, सोसायटी, सौहार्द, सगळ्यांना सरसकट ‘ब्यांक’ म्हणायची सवय आहे, त्यामुळे तुम्हाला दोष देत नाही. पण तुम्ही लिहिलंय की ‘नाव पण नियमित आहे आणि व्याजही नियमित येतं.’ अहो, तो कानडी शब्द आहे. मराठीत ज्याला आपण ‘मर्यादित’ म्हणतो, तेच ते. लिमिटेड.

बँक बुडाली तर दर ठेवीदाराला पाच लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण असतं. 2020 पासून ही मर्यादा आहे, त्याआधी एकच लाख होती. सहकारी बँकांनाही ते मिळतं, पण बँक असली तरच. सौहार्द संस्थेला नाही. ती कर्नाटक राज्याच्या 1997 च्या सौहार्द कायद्याखाली चालते, रिझर्व्ह बँकेच्या परवान्यावर नाही. म्हणजे तुमच्या बावीस लाखांवर विमा किती? शून्य.

साडेदहा टक्के तुम्हाला देऊन संस्थेचं पोट भरायचं तर तिने कर्ज पंधरा-सोळा टक्क्यांनी द्यायला हवं. सोळा टक्के कोण भरतो? ज्याला बँकेने दारातून परत पाठवलंय तो. त्याचे हप्ते थकले की तुमची पावती म्हणजे नुसता कागद. ‘चेअरमन आमच्याच गल्लीतले, रोज भेटतात’ हे तुम्ही खात्री म्हणून लिहिलंय. संस्था अडचणीत येतात तेव्हाही चेअरमन कुठल्या ना कुठल्या गल्लीतलेच असतात.

चांगल्या बँकेत आज साडेसहा धरा. फरक चार टक्क्यांचा, बावीस लाखांवर वर्षाला नव्वद हजारांच्या आत. एवढ्यासाठी मुलीच्या शिक्षणाचे पैसे टांगणीला लावलेत, आणि ती पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला आहे. पैसे पुढच्या जूनला लागणार.

तेव्हा एफडी मोडायची, पण बोटीसाठी नव्हे. तिन्ही पावत्या मोडा. व्याज थोडं कापतील, कापू द्या. आधी सगळ्यात लहान, पाच लाखांची पावती घेऊन जा आणि पैसे खात्यात यायला किती दिवस लागतात ते बघा. ‘पुढच्या महिन्यात बघू’ असं उत्तर आलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेल्या दोन पावत्या आणि लेखी अर्ज घेऊन काउंटरवर उभे राहा, अर्जाची पोच घ्या. मिळालेले पैसे तुमच्या आणि वहिनींच्या नावावर वेगवेगळ्या बँकांत, एका नावावर एका बँकेत पाच लाखांच्या आत ठेवा.

त्याच संस्थेच्या मॅनेजरने गळ्यात मारलेली पॉलिसी: वर्षाला 1.2 लाख, वीस वर्षं, शेवटी 41 लाख. ‘दुप्पट नाही होत, पण जवळपास’ म्हणता. हिशेब केला तर पाच टक्के सुटतात. वर विमा फक्त पंधरा लाखांचा, आणि मशीनचं 35 लाखांचं कर्ज तुमच्या सहीवर. तुमचं काही बरंवाईट झालं तर वहिनींनी काय करायचं? आधी एक कोटीचा टर्म विमा घ्या, मग ही पॉलिसी पेड-अप करा, म्हणजे पुढचे हप्ते थांबवून कमी रकमेवर चालू ठेवा. या क्रमाने, उलट नाही.

आता बोट. कोटेशन मी गोव्यातल्या एका ओळखीच्या बोट-मिस्त्रीला दाखवलं. तो हसला. तुम्हीच लिहिलंय की आठही सिलिंडरांचं कॉम्प्रेशन 140 ते 150 आहे, म्हणजे इंजिन आतून धडधाकट आहे. मग इंजिन कशाला बदलायचं? तळ्याचं पाणी रबरी इम्पेलरने, म्हणजे पंपातल्या पाकळ्यांच्या चाकाने, ओढून इंजिन थंड होतं. दोन वर्षं उभ्या बोटीत त्या रबराच्या पाकळ्या वाकून कडक होतात, तुटतात आणि तुकडे पुढे अडकतात. आधी तो बदला, तुकडे शोधा, मग एक्झॉस्टचे रायझर, म्हणजे धूर बाहेर नेणारे वर चढणारे पाइप, गंजून बुजलेत का बघा. खर्च लाखभर.

खरी भीती दुसरीकडे आहे. ‘इंजिनाजवळ फ्लोअर पाय दिला की दबतं’ हे वाक्य तुम्ही असंच जाता जाता लिहिलंय. त्या काळच्या बऱ्याच बोटींच्या बुडात लाकडी तुळया, म्हणजे स्ट्रिंगर, असतात आणि इंजिन त्यांच्यावरच बोल्टने बसतं. लाकूड कुजलं की बोल्ट धरत नाहीत. तुम्ही इंजिन आणि पंख्याच्या शाफ्टमधली कपलिंग तीन थाऊत (इंचाच्या तीन हजारांशांत) आणाल, दोन फेऱ्यांत ती परत हलेल. स्ट्रिंगर बदलायला मिस्त्री दोन-अडीच लाख सांगतो. म्हणजे नऊऐवजी साडेतीन, तेही वर्कशॉपच्या नफ्यातून, वर्षभरात टप्प्याटप्प्याने.

बाजारातला गाडीचा अल्टरनेटर घालून तीस हजार वाचवायचा विचार सोडा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, बोटीच्या बुडात साठते. मरीन अल्टरनेटर आणि स्टार्टरची ठिणगी बाहेर पडत नाही, गाडीच्यांची पडते. आणि आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. 1987 चे रबरी पाइप त्याने खराब होतील, ते आधी बदला.

चार लाख नफा? पावसाळ्याचे चार महिने गेले, उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी धरले तर शनिवार-रविवार मिळून जेमतेम पस्तीस दिवस. दिवसाला अकरा-बारा हजार निव्वळ सुटायला हवेत. ही बोट ओढताना तासाला वीस-पंचवीस लिटर पेट्रोल पिते, म्हणजे दोन-अडीच हजारांचं. शिवाय पाणी शेतीच्या धरणाचं, प्रवासी बसवायचे तर नोंदणी, तपासणी, परवानगी. हा आकडा वहीतून खोडा. बोट हौसेची आहे, हौसेचीच राहू दे.

सोमवारी पाच लाखांची पावती घेऊन जा. पैसे कोणत्या तारखेला खात्यात आले, तेवढं कळवा.