मैफल, मैदान आणि पाहुणे

प्रश्न: सरकारी जाहिरातीत गोव्याचं संगीत म्हणजे किनाऱ्यावरचा डीजे. आमच्याकडच्या शास्त्रीय मैफलींना बाहेरून कोणी येईल का? (एक वाचक, फोंडा)

उत्तर: नक्की येईल. केसरबाई केरकर तुमच्याच तालुक्यातल्या केरीच्या. १९७७ साली व्हॉयेजर यानांतून अंतराळात गेलेल्या तबकडीत त्यांची भैरवी आहे. पंडित जितेंद्र अभिषेकी मंगेशीचे. गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं कुर्डी गाव साळावली धरणाखाली गेलं, तरी उन्हाळ्यात पाणी ओसरलं की गावाच्या खुणा वर येतात आणि मूळचे गावकरी सोमेश्वराच्या देवळात जमतात. ज्याने या गायकांना वर्षानुवर्षं ऐकलंय, त्याला ही गावं पाहायचीच असतात. दिवसा गावं आणि संध्याकाळी मैफल असा बेत पुण्या-बेळगावच्या रसिकाला सहज जमेल, पण रजा टाकायला त्याला तारीख चार-सहा महिने आधी कळली पाहिजे. पर्यटन खात्याने आणि कला व संस्कृती खात्याने मिळून वर्षाचं एकच वेळापत्रक काढावं, त्यात चवथीतली घुमट आरती (घुमट या मातीच्या वाद्याच्या साथीने होणारी) आणि शिगम्याचे, म्हणजे आमच्या होळीच्या सणाचे रोमटामेळ (ढोल-ताशांच्या नाचत्या मिरवणुका) हेही यावेत. मोठ्या मंचावरच्या रोषणाईपेक्षा मला ही मागणी फार महत्त्वाची वाटते.

प्रश्न: महोत्सवाचे कर्णे रात्री किती वाजेपर्यंत चालू शकतात? (एक वाचक, पेडणे)

उत्तर: रात्री दहापर्यंत. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार राज्य सरकार सण-उत्सवांसाठी वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकतं. त्यापुढे आवाज आला तर पोलिसांत तक्रार करा. पर्यटनासाठी शेजाऱ्यांची झोप मोडायचं कारण नाही.

प्रश्न: क्रीडा स्पर्धांचा फायदा मोठ्या हॉटेलांनाच होतो. माझ्या दोन खोल्यांना गिऱ्हाईक मिळेल? (एक वाचक, ताळगाव)

उत्तर: मिळेल, आणि चांगलं मिळेल. मिरामारला २०१९ मध्ये सुरू झालेली आयर्नमॅन ७०.३ ही तिहेरी शर्यत घ्या. १.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल, २१.१ किलोमीटर धावणं. असा स्पर्धक सरावासाठी आधी येतो, पुष्कळदा घरच्यांना घेऊन. त्याला सायकल ठेवायला कुलपाची जागा आणि पहाटे चारला खायला मिळालं की पुरे. २०२५ ची बुद्धिबळ विश्वचषक स्पर्धा तर गोव्यात जवळजवळ महिनाभर चालली.

आधी १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली पर्यटन खात्यात खोल्यांची नोंद करून घ्या. आणि स्पर्धेच्या आठवड्यात दर दुप्पट करू नका. ही मंडळी पुन्हा येतात आणि आपल्या सायकल ग्रुपवर पत्ताही देतात.